भुकटी ते पारदर्शक चकती : इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राची वाटचाल

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा मुख्य सोहळा मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला आणि मालवणकरांनी युद्धनौका जवळजवळ दारातून पाहिल्या. त्याच्या चारच दिवस आधी, ३० नोव्हेंबरला, कोचीन शिपयार्डमध्ये ‘मालवण’ नावाची पाणबुडीविरोधी नौका पाण्यात उतरली होती. अशा नौकांच्या काळात समुद्रावर पहारा द्यायचा तर डोळा आणि दुर्बीण पुरत नाही. रात्री पाहणारा कॅमेरा लागतो. तो दिव्याच्या उजेडावर अवलंबून नसतो. होडीचे इंजिन, तापलेला पत्रा, माणसाचे अंग यांतून सतत निघणारे अवरक्त किरण तो टिपतो.

त्या कॅमेऱ्यापुढे एक खिडकी बसवावी लागते आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. घराच्या तावदानाची काच आपल्याला स्वच्छ दिसते, पण साधारण तीन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढच्या तरंगलांबीचे अवरक्त किरण ती अडवते. हवा हे किरण मोकळेपणी सोडते ते मुख्यतः दोन पट्ट्यांत : ३ ते ५ मायक्रॉन आणि ८ ते १२ मायक्रॉन. म्हणजे जिथे हवा वाट देते तिथे काच दार लावून घेते. शिवाय खिडकीने खारा वारा, पाण्याचे तुषार, वाळूचे घासणे आणि ऊनपाऊस सोसला पाहिजे. एकाच पदार्थात हे सगळे गुण सहसा नसतात.

असे पदार्थ स्वतः तयार करायला शिकलेल्या भारतीय संस्थांपैकी एकीचा हा इतिहास. ही संस्था इंदुरात आहे. होळकरांच्या या शहरात मराठी आजही घरात आणि बाजारात कानावर पडते. संस्थेचे पहिले संचालक मराठी आणि पुढच्या संचालकांतही मराठी नावे वारंवार भेटतात. तिचे मुख्य काम लेझर आणि सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारी त्वरकयंत्रे यांचे. कॅमेऱ्याच्या खिडक्यांपेक्षा लेझरच्या गाभ्यातल्या पारदर्शक पदार्थांशी तिचा जवळचा संबंध आला. पण दोन्हींचे शास्त्र एक, भट्टी एक आणि अडचणीही त्याच.

ट्रॉम्बेतील पाया

अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेत गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेझर तयार झाला. १९६५ मध्ये त्याच्याच किरणावर संदेश चढवून ट्रॉम्बे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था असे सुमारे २० किलोमीटरचे अंतर पार करण्यात आले. तो किरणही अवरक्तच होता. मुंबईच्या खाडीवरून तो गेला तेव्हा कोणालाही काही दिसले नसणार.

१९६४ हे साल दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवावे असे आहे. बेल प्रयोगशाळेत त्या वर्षी दोन लेझर जन्मले आणि पुढच्या अर्धशतकातले कारखाने, शस्त्रक्रिया व संशोधन यांचा मोठा भार या दोघांनी उचलला. पहिला कार्बन डायऑक्साइडचा. त्याचे जनक सी. कुमार एन. पटेल मूळचे बारामतीचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९५८चे पदवीधर. दुसरा निओडिमियम-यागचा. याग म्हणजे यिट्रियम आणि अॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा, गार्नेट रत्नाच्या घडणीचा स्फटिक. त्यात चिमूटभर निओडिमियम मिसळले की १.०६४ मायक्रॉनचा किरण निघतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण १०.६ मायक्रॉनचा. दोन्ही अवरक्त, दोन्ही अदृश्य.

१०.६ मायक्रॉनच्या किरणाने सगळ्यांनाच पदार्थशास्त्राचा धडा दिला. त्याच्यापुढे काच धरली तर काच तो शोषून घेते, तापते आणि तडकते. सुरुवातीच्या काळात या लेझरच्या खिडक्या चक्क मिठाच्या, म्हणजे सोडियम क्लोराइड किंवा पोटॅशियम क्लोराइडच्या स्फटिकांच्या असत. मीठ या किरणांना उत्तम वाट देते. पण जुलै महिन्यात मालवणच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या खिडकीचे भवितव्य वेगळे सांगायला नको. ती ओल धरते, धुरकट होते, तिची पॉलिश उतरते. पुढे तिची जागा झिंक सेलेनाइड आणि जर्मेनियम यांनी घेतली. जर्मेनियम दिसायला आरशासारखे अपारदर्शक, पण अवरक्त किरणांना आरपार जाऊ देणारे. मात्र ते शंभर अंशांच्या पुढे तापू लागले की त्याची पारदर्शकता घसरते. प्रत्येक पदार्थाची अशी एखादी खोड असतेच आणि लेझर बांधणाऱ्याला ती आधी ओळखून घ्यावी लागते.

या वातावरणात १९६७ मध्ये डॉ. दिलीप देविदास भवाळकर ट्रॉम्बेला रुजू झाले. जन्म १९४० चा, मध्य प्रदेशातील सागरचा. शिक्षण सागर विद्यापीठात आणि डॉक्टरेट इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाची. त्याच वर्षाच्या जानेवारीत ट्रॉम्बेच्या संस्थेला डॉ. होमी भाभांचे नाव देण्यात आले होते. भाभा अणुसंशोधन केंद्रातील लेझर विभाग पुढे भवाळकरांच्या नेतृत्वाखाली वाढला. १९८४ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

स्थापना : १९८४ ते १९८७

ट्रॉम्बेत जागा अपुरी पडू लागली होती. लेझर आणि त्वरक या दोन्ही शाखांना मोठ्या इमारती, कंपनमुक्त मजले आणि वाढायला मोकळी जमीन हवी होती. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. राजा रामण्णा यांच्या काळात या दोन शाखांसाठी स्वतंत्र संस्था काढायचे ठरले. इंदूरच्या वेशीवर, होळकरांच्या सुखनिवास महालाच्या आणि तलावाच्या परिसरात जागा मिळाली. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते ‘सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी’ची कोनशिला बसली. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोकांनी तिचे नाव ‘कॅट’ केले. संस्थेचे नाव बदलून वीस वर्षे झाली, तरी इंदुरात तिकडे जाणारा रस्ता अजून कॅट रोडच आहे.

मे १९८४ मध्ये प्रयोगशाळा आणि घरांचे बांधकाम सुरू झाले. जून १९८६ मध्ये मुंबईहून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी इंदूरला आली आणि संशोधन सुरू झाले. मुंबईचे बस्तान हलवून नव्या माळरानावर संसार मांडणे प्रत्येक कुटुंबासाठी सोपे नसणार. पण इंदूरची मराठी शाळा-संस्थांची जुनी परंपरा आणि मराठी शेजार यांमुळे महाराष्ट्रातून आलेल्यांना हे शहर परके वाटण्याचे कारण नव्हते. १९८७ मध्ये भवाळकर संस्थापक संचालक झाले आणि २००३ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली.

या सोळा वर्षांत संस्थेला जो स्वभाव मिळाला तो आजतागायत टिकून आहे. यंत्र विकत आणून त्यावर प्रयोग करायचे, ही एक वाट. यंत्रच घरी बांधायचे, ही दुसरी. कॅटने दुसरी वाट धरली आणि ती धरल्यावर एक गोष्ट अटळ झाली. यंत्र घरी बांधायचे तर त्याच्या पोटातला पदार्थही कधीतरी घरीच करावा लागतो. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अणुऊर्जा विभागाच्या संस्थांना परदेशी सामग्री मिळणे फार अवघड झाले. लेझरची कांडी, विशेष स्फटिक, निर्वात यंत्रणेचे सुटे भाग यांपैकी कोणती वस्तू कधी अडेल याचा भरवसा राहिला नाही. त्यामुळे स्फटिक वाढवणाऱ्या प्रयोगशाळेला संस्थेत मानाचे स्थान मिळाले. प्रकाशाचा रंग बदलणारे केडीपी आणि लिथियम निओबेट यांसारखे स्फटिक इथे वाढवले गेले. पारदर्शक सिरॅमिकचे काम पुढे याच शाखेत रुजले.

स्फटिकाची मर्यादा

सिरॅमिककडे वळायची गरज का पडली, हे समजायला यागचा स्फटिक कसा वाढवतात ते पाहावे लागते. इरिडियम या महागड्या धातूच्या मुशीत यिट्रिया आणि अॅल्युमिना वितळवतात. तापमान १९५० अंश सेल्सियसच्या आसपास. वितळलेल्या रसात स्फटिकाचा एक छोटा बीजतुकडा टेकवतात आणि गोल फिरवत अतिशय हळू वर खेचतात. गती ताशी अर्धा मिलिमीटरच्या आसपास. पंधरा सेंटिमीटरची कांडी हवी तर भट्टीला जवळजवळ दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून सांभाळावे लागते. तेवढ्यात वीज गेली किंवा तापमान हलले तर केलेले सगळे वाया.

एवढे करूनही दोन अडचणी उरतात. निओडिमियमचा अणू यिट्रियमपेक्षा मोठा. तो स्फटिकात सहजी शिरत नाही, बहुतेक रसातच मागे राहतो. त्यामुळे त्याचे प्रमाण एका टक्क्याच्या फार पुढे नेता येत नाही आणि कांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सारखेही राहत नाही. शिवाय कांडीच्या मधोमध ताणाचा गाभा तयार होतो, म्हणून मोठा ठोकळा कापून त्यातून एकसंध पाटी काढता येत नाही. अधिक शक्तीचा लेझर बांधायचा तर मोठ्या पाट्या लागतात. स्फटिकाची वाट तिथे अरुंद होते.

पारदर्शक सिरॅमिकचा शोध

सिरॅमिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कपबशी आणि फरशी येते. ती अपारदर्शक का असते? अखंड बर्फाची लादी आरपार दिसते, आणि तोच बर्फ किसून गोळा केला की पांढराशुभ्र होतो. पदार्थ तोच, पण कणाकणांमधल्या हवेवर प्रकाश ठेचकाळतो आणि चहूकडे विखुरतो. सिरॅमिकचेही तसेच आहे. ते भुकटी दाबून आणि भाजून केलेले असते आणि त्यात सूक्ष्म छिद्रे उरतात. यागचा वक्रीभवनांक सुमारे १.८२ आणि छिद्रातल्या पोकळीचा १. या फरकामुळे प्रत्येक छिद्र प्रकाशाचा थोडा हिस्सा वाटेतून बाजूला फेकते. पदार्थ खऱ्या अर्थाने पारदर्शक करायचा तर छिद्रांचे प्रमाण दहा हजारांत एका भागाच्याही खाली न्यावे लागते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रॉबर्ट कोबल यांनी याची पहिली किल्ली शोधली. अॅल्युमिनाच्या भुकटीत अगदी थोडा मॅग्नेशिया मिसळला की भाजताना कण बेसुमार वाढत नाहीत, आणि छिद्रे कणांच्या पोटात अडकण्याऐवजी कणसीमांवरून बाहेर निसटतात. यातून ‘लुकॅलॉक्स’ हा दुधी पण प्रकाश सोडणारा अॅल्युमिना जन्मला. त्याच्या नळीत सोडियमची तप्त वाफ कोंडता आली आणि उच्च दाबाचा सोडियम दिवा शक्य झाला. एलईडी येण्यापूर्वी आपल्या महामार्गांवर सोनेरी पिवळ्या प्रकाशाचे जे दिवे होते, त्यांच्या पोटात ही सिरॅमिक नळी असे. लाखो लोक रोज त्या उजेडात चालले.

लुकॅलॉक्स दुधीच राहिला त्याचे कारण अॅल्युमिनाच्या अणुरचनेत आहे. त्या स्फटिकातून वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो आणि शेजारच्या प्रत्येक कणाचे तोंड निराळ्या दिशेला असते. छिद्रे पूर्ण गेली तरी कणाकडून कणाकडे जाताना प्रकाश थोडा भरकटतो. यावर उपाय म्हणजे घनाकार रचनेचे पदार्थ : याग, यिट्रिया, स्पिनेल. यांना दिशेचा भेद नाही. कणांची तोंडे कुठेही असोत, प्रकाशाला सगळे सारखेच. त्यातही छिद्रे नेमाने काढून टाकली की सिरॅमिकची चकती स्फटिकाइतकी निवळ होते.

जपानमध्ये अकियो इकेसुए यांनी १९९५ मध्ये निओडिमियम-याग सिरॅमिकमधून चांगल्या कार्यक्षमतेचा लेझर काढून दाखवला आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. पुढे कोनोशिमा केमिकल या कंपनीने अतिसूक्ष्म भुकटी वापरून मोठ्या पाट्या बनवल्या. अशाच सिरॅमिक पाट्या वापरून अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने २००७ मध्ये ६७ किलोवॉट शक्तीचा घन लेझर चालवला. स्फटिकाला जे आकारमान जमत नव्हते ते भुकटीने साधले.

इंदूरची भट्टी

गेल्या दीड-दोन दशकांत इंदूरच्या लेझर-पदार्थ विभागाने निओडिमियम-याग सिरॅमिक हाती घेतले. या कामाचा क्रम ऐकायला सोपा आहे. यिट्रिया, अॅल्युमिना आणि निओडिमियम ऑक्साइडच्या भुकट्या तोलून घ्यायच्या. त्यात अल्कोहोल घालून अॅल्युमिनाच्या गोट्यांसह चक्कीत कित्येक तास घोटायच्या. भाजताना कणांना एकजीव व्हायला मदत करणारे सिलिकायुक्त रसायन अत्यल्प मिसळायचे. सुकवायचे, चाळायचे, साच्यात दाबायचे, मग चहूबाजूंनी द्रवाच्या दाबाखाली पुन्हा दाबायचे. तयार झालेली कच्ची वडी खडूसारखी असते, हातात भुसभुशीत, आणि तिचा जवळजवळ निम्मा भाग हवा. ती निर्वात भट्टीत १७०० अंशांच्या वर दहा-वीस तास भाजायची. वडी प्रत्येक बाजूने साधारण पाचव्या हिश्श्याने आकसते. त्यानंतर हवेत पुन्हा तापवायची, म्हणजे निर्वातात निघून गेलेला ऑक्सिजन परत येतो आणि चकतीवरचा मळकट रंग जातो. शेवटी घासायची आणि पॉलिश करायची.

अडचण प्रत्येक पायरीच्या आत दडलेली असते. तोलात बारीक चूक झाली की यागऐवजी त्याच घटकांचे दुसरे संयुग कुठे कुठे तयार होते आणि चकतीत पांढुरके ठिपके पडतात. घोटणाऱ्या गोट्यांची झीज झाली की अॅल्युमिना वाढतो, म्हणून ती झीज आधीच हिशेबात धरावी लागते. भुकटीचे कण गोळे करून बसले तर गोळ्याच्या आतले छिद्र भट्टीलाही भरून काढता येत नाही. भट्टी निर्वात ठेवण्याचे कारणही हेच : छिद्रात हवा कोंडलेली असेल तर छिद्र एका मर्यादेपलीकडे मिटतच नाही. तापमान घाईने चढवले तर कण झपाट्याने वाढतात आणि छिद्रे त्यांच्या पोटात कायमची अडकतात. ९९.९९ टक्के शुद्धतेची भुकटी घेऊनही धुळीचा एक कण पुरतो. लोहाचा अंश प्रकाश शोषतो, लेझर चालवताना तिथे उष्णता साठते आणि चकती आतून ताणते.

यागच्या दोन चकत्या शेजारी ठेवल्या, एक स्फटिकाची आणि एक सिरॅमिकची, तर नुसत्या डोळ्याने फरक सांगणे कठीण असते. परीक्षा मोजमापाने होते. एक सेंटिमीटर जाडीतून जाताना किती प्रकाश विखुरला, हा पहिला प्रश्न. लेझर चालू होतो का आणि किती ऊर्जा दिल्यावर चालू होतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात थोडी सूट मिळू शकते, दुसऱ्यात अजिबात नाही. आरशांच्या जोडीमध्ये किरण पुन्हा पुन्हा त्याच चकतीतून ये-जा करतो, त्यामुळे एकदाच जाताना न जाणवणारा दोष इथे कैक पटींनी वसूल होतो. खिडकीच्या चकतीतून किरण एकदाच जातो. म्हणून लेझरच्या कसोटीला उतरलेले कसब खिडकीसाठी पुरून उरते.

खिडक्यांचे भाऊबंद

अवरक्त खिडकीसाठी यागचा भाऊबंद अधिक कामाचा ठरला : स्पिनेल. हे मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम यांचे संयुक्त ऑक्साइड. अतिनील किरणांपासून सुमारे साडेपाच मायक्रॉनपर्यंतचे किरण ते सोडते, म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाश आणि ३ ते ५ मायक्रॉनची पट्टी या दोहोंना एकच खिडकी चालते. काचेपेक्षा ते कितीतरी कठीण, त्यामुळे वाळू आणि तुषारांनी सहसा ओरखडत नाही. पाण्याने ते विरघळत नाही. भाजल्यानंतर उरलेली छिद्रे मिटवण्यासाठी त्याला आर्गॉन वायूच्या हजार-दोन हजार पट वातावरणीय दाबाखाली पुन्हा तापवतात.

भारतात स्पिनेलच्या पारदर्शक खिडक्या आणि घुमट यांवर हैदराबादच्या एआरसीआय या संस्थेने काम केले आहे. ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्टीसाठी मात्र स्पिनेल निरुपयोगी. तिथे झिंक सल्फाइड किंवा जर्मेनियम यांसारखे पदार्थ लागतात. सगळ्या पट्ट्यांना चालणारा आणि दगडासारखा टणक असा पदार्थ सहजी हाती येत नाही. म्हणून लेझर आणि सिरॅमिक या दोन क्षेत्रांतल्या संस्थांना एकमेकींच्या अनुभवाची गरज भासते.

मोठ्या यंत्रांची वर्षे

संस्थेची सार्वजनिक ओळख मात्र मोठ्या यंत्रांनी घडवली. १९९९ मध्ये ‘इंडस-१’ हे ४५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे, देशातले पहिले सिंक्रोट्रॉन, म्हणजे वळत्या वाटेने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून प्रकाश मिळवणारे यंत्र कार्यान्वित झाले. त्यामागोमाग अडीचशे कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचे ‘इंडस-२’ आले. १७ डिसेंबर २००५ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. आदल्या वर्षी डॉ. रामण्णा यांचे निधन झाले होते. त्याच समारंभात संस्थेला त्यांचे नाव मिळाले : राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र.

लेझरच्या बाजूने संस्थेचे नाव अणुभट्ट्यांच्या दुरुस्तीत झाले. दाबित जड पाण्याच्या २२० मेगावॉट अणुभट्टीत शीतक वाहून नेणाऱ्या ३०६ वाहिन्या असतात. वर्षानुवर्षे चालल्यावर त्या एकत्रच बदलाव्या लागतात. त्यासाठी धातूचे सांधे कापायचे असतात आणि तिथे किरणोत्सर्ग असल्याने माणसाने जितका कमी वेळ थांबावे तितके बरे. इंदूरमध्ये बनवलेल्या निओडिमियम-याग लेझरचा किरण लांब काचतंतूतून आत नेऊन नरोरा आणि काकरापार येथे हे सांधे कापण्यात आले. लेझर सुरक्षित अंतरावर आणि कामाच्या जागी फक्त तंतूचे टोक. वेळ वाचला आणि कामगारांना मिळणारी किरणोत्सर्गाची मात्राही घटली. पदार्थाच्या एका चांगल्या कांडीचा उपयोग इतक्या दूर पोचतो.

संस्थेचा महाराष्ट्राशी नवा दुवा हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ आकाराला येतो आहे. तिथे गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचा बांधकाम विभाग यांच्याबरोबर इंदूरचे केंद्र तिचा भागीदार आहे. लायगोचा मूळ किरण १.०६४ मायक्रॉनचा, निओडिमियम-यागच्याच घराण्याचा. तिच्या आरशांत आणि खिडक्यांत शोषण व विखुरणे यांचे हिशेब दशलक्षांश भागांत करावे लागतात. बारीक छिद्रांचा पिच्छा पुरवण्याची सवय असलेल्या संस्थेला ही भाषा परकी नाही.

भवाळकरांनंतर संचालकपदी आलेल्यांत प्रसाद नाईक, शंकर नाखे आणि उन्मेष मालशे ही मराठी नावेही आहेत. केंद्र होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचा घटक आहे, म्हणून इथे काम करत पीएचडीही करता येते.

कोकणच्या दृष्टीने

स्पिनेलच्या खिडकीला लागणारे दोन्ही धातू कोकणाच्या अंगणात आहेत. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूरच्या सड्यांवर बॉक्साइट आहे, तो अॅल्युमिनियमचा खनिजस्रोत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते. काचेची वाळू तर कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात उपसली जाते आणि ट्रकांनी बाहेर जाते. पण खाणीतला बॉक्साइट लाल का दिसतो? त्यातल्या लोहामुळे. आणि पारदर्शक सिरॅमिकचा सगळ्यात मोठा वैरी कोण? तेच लोह. खाणीपासून निवळ चकतीपर्यंत जे अंतर आहे ते शुद्धतेचे, मोजमापाचे आणि भट्टीच्या शिस्तीचे आहे. किंमत त्या अंतरालाच मिळते. सड्यावरचा माल टनांनी विकला जातो, लेझरची चकती नगावर.

इंदूरच्या केंद्राने चाळीस वर्षांत हे अंतर एकेक पायरीने कापले. त्यासाठी भौतिकशास्त्राचे पदवीधर लागले, तसे रसायनशास्त्राचे, धातुशास्त्राचे, आयटीआयमधून आलेले यंत्रकारागीर आणि पॉलिश करणारे कसबी हातही लागले. सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांतून आणि तंत्रनिकेतनांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसमोर नोकरीच्या ओळखीच्या यादीत ‘सिरॅमिक’ हा शब्द सहसा नसतो. भुकटी घोटणे, भट्टी सांभाळणे, चकती घासून मोजणे या कामांना पुढच्या काळात माणसे लागणार आहेत : इंदूरला, हैदराबादला आणि हिंगोलीलाही. त्यांतली काही मालवणची असायला हरकत नाही.